कान शाबूत

बसचा आरसा तिच्या खांद्याला घासून गेला आणि ती फुटपाथच्या कडेवर एका गुडघ्यावर बसली. फार लागलं नव्हतं. बस थोडी पुढं जाऊन थांबली, ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि तो तिच्यावर ओरडला. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, म्हणजे ओरडतच असणार. ओठ तर अगदी स्वच्छ दिसत होते. ‘कधीचा हॉर्न वाजवतोय म्हातारे, बहिरी आहेस का?’ ती उठली, कपडे झटकले. उत्तर जिभेवर आलं होतं. नाही रे बाबा, बहिरी नाही. आत्ताच तपासून आले. ती पलीकडची पिवळी इमारत दिसते ना, तिथं दुसऱ्या मजल्यावर एक डॉक्टर बसलाय, त्यानं सांगितलंय, बाई, तुमचे कान शाबूत आहेत, वयाच्या मानानं तर उत्तमच. जा, विचारून ये त्याला. पण तोवर बस निघून गेली होती, आणि बघायला जमलेली चार माणसं आपापल्या वाटेला लागली होती. ती खांदा चोळत तिथंच उभी राहिली. तळपायापासून काहीतरी गरम वर चढत होतं. आधी तिला वाटलं हा राग ड्रायव्हरचा आहे. मग वाटलं डॉक्टरचा आहे. मग तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, अंगठ्याकडं, आणि तो अंगठा चावून तोडून टाकावा असं तिला वाटलं.

कारण सगळं केलं होतं ते या अंगठ्यानं. कोंदट लहानशी खोली, जाड दार, समोर काच. काचेपलीकडं चष्मेवाला तपासनीस यंत्रापुढं बसलेला. त्यानं तिच्या कानांवर दोन वाट्या चढवल्या, हातात बटण दिलं आणि सांगितलं, “मावशी, आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी.” ती मान हलवून बसली. आवाज कसला यायचा? पण काचेपलीकडं त्याचा खांदा जरासा हलला आणि त्याच क्षणी त्याच्या चष्म्यात हिरवा ठिपका उमटून विझला. अंगठा दाबला गेला. पुन्हा खांदा, पुन्हा ठिपका, पुन्हा अंगठा. तिला विचारलं कुणी? जन्मभर ती गिरणीत, कापड विणणाऱ्या साच्यासमोर उभी राहिली होती. पन्हाभर ताण्यात एक धागा तुटला तर तो सुटून लोंबायच्या आत साचा थांबवायचा, ही तिची नोकरी. साचेखात्यात तिला घार म्हणत. चार साच्यांपलीकडचा तुटका धागा तिला दिसायचा. अशा बाईला हिरवा ठिपका दाखवायचा आणि म्हणायचं, दिसला तरी दाबू नकोस. अंगठ्यानं एकही चुकू दिला नाही. तपासनीस बाहेर येऊन म्हणाला, “मावशी, कमाल केलीत.” आणि तिला, देवाशप्पथ, बरं वाटलं. पोरीसारखी ती खूश झाली. डॉक्टरसमोर बसली तेव्हाही तो खूश होता. वय विचारलं, काम विचारलं, घरी कोण विचारलं, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघून फटाफट उत्तरं देत गेली. “बघा, मी मुद्दाम हळू बोलतोय, तरी तुम्हाला कळतंय,” तो म्हणाला. तीही हसली. हसली आणि जिना उतरली. पुरता रस्ता ओलांडून होईपर्यंत तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. तो पाडला बसनं.

पास झालो म्हणजे मेलो, हे त्या इमारतीत शिरताना तिला पाठ होतं. गिरणीच्या कल्याण अधिकाऱ्यानं ते तिला तीनतीनदा समजावलं होतं. भला माणूस, बोलताना ओठ पातळ धरायचा म्हणून त्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. आरोग्यकार्ड हे नोकरीला चिकटलेलं. पुरं वय होऊन निवृत्त झालीस तर सरकार ते पुढं चालवणार, तुझंही आणि नवऱ्याचंही, जिवात जीव आहे तोवर. कामानं निकामी झालीस, म्हणजे हातपाय गेले, कान गेले, डोळे गेले, आणि पिवळ्या इमारतीतल्या गिरणीच्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं, तरीही चालवणार. पण आपण होऊन सोडलंस तर त्या महिन्याच्या शेवटी कार्ड बंद आणि घरातलं नवऱ्याचं श्वासाचं यंत्र गाडीत घालून परत. “स्वखुशीनं सोडलं की सगळं संपलं बाई,” तो म्हणाला होता. स्वखुशी. हा शब्द तिनं आधी एकदा त्याच माणसाच्या ओठांवर पाहिला होता. नवरा पिंजण खात्यात होता. तिथं कापूस फोडतात, पिंजतात, आणि त्याची धूळ माणसाच्या आत जाऊन बसते. खोकला लागला तेव्हा मुकादम म्हणाला, जड वाटत असेल तर जा, फाटकावर झाडू मार. नवरा रागीट. चारचौघांत त्यानं अंगातला सदरा काढून मुकादमाच्या टेबलावर टाकला आणि राजीनामा देऊन घरी आला. मर्दासारखा आला, दारात छाती काढून उभा राहिला, आणि उंबऱ्यात बसून खोकला तो संध्याकाळपर्यंत. पुढं छातीचे फोटो निघाले, आत काय साचलंय ते सगळ्यांनी पाहिलं, पण सोडलं होतं स्वखुशीनं. मग तो तिच्या कार्डावर आला. जी छाती गिरणीनं खाल्ली ती आता बायकोच्या हातापायांवर चालणार होती, आणि बायकोला पुरं वय व्हायला अजून तीन वर्षं होती.

तीन वर्षं ती काढलीही असती. गुडघे गेले होते, पण गुडघ्यांचं कोण मनावर घेतं? साच्याला टेकून उभं राहता येतं. सवाल तीन वर्षांचा नव्हता, तीन वर्षं त्याच्याकडं नव्हती. छातीच्या डॉक्टरनं हे खिडकीकडं तोंड करून सांगितलं, म्हणजे नणंदेला सांगितलं. तिला दिसली फक्त त्याची मान. नणंदेनं बाहेर येऊन, जिन्यात, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून ते पुन्हा सांगितलं. “वहिनी, हा हिवाळा काढेल म्हणतात. पुढचं त्यांनाही माहीत नाही.” नणंद ही नवऱ्याची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि दिवसा भावापाशी बसायची. ती स्वतः सकाळी साच्यावर जायची, अंधार पडता परत यायची, तेव्हा तो गळून गेलेला असायचा. आणि आता तो अर्धा दिवस मुखवट्यात. श्वासाच्या यंत्राचा तो मुखवटा, नाकापासून हनुवटीपर्यंत.

मुखवट्यानंच तिला कळलं होतं. त्याआधी तिला कुणी बहिरी म्हटलं असतं तर तिनं भांडण केलं असतं. थोडं कमी ऐकू येतं, साचेवाल्यांना सगळ्यांनाच येतं, त्यात काय? साचेखात्यात त्या धडधडाटात कानाचा उपयोगच नसतो. तिथं माणूस तोंडानं बोलतं पण घशातून नाही. ओठ मोठे करायचे, शब्द तोंडात घडवायचा आणि नुसता दाखवायचा. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची कागाळी सांगते आणि मधे साचा दुरुस्त करणारा जॉबर खांद्यावरून वळून म्हणतो, खोटं बोलतेस, सासू तशी नाही. तिथं गुपित ठेवायचं तर तोंडापुढं हात धरावा लागतो. तो हात धरून पहिल्यांदा तिच्याशी कोण बोललं, तर हाच. पिंजण खात्यातला, अंगभर पांढरा कापूस लागलेला. तिच्या कापडाचे गुंडाळे न्यायला म्हणून आला आणि तोंडापुढं पंजा धरून म्हणाला, ‘रविवारी काय करतेस?’ ती म्हणाली, ‘झोपते.’ सगळं साचेखातं हसलं, कारण तिनं तोंडापुढं हात धरला नव्हता. लग्न झालं, लेक झाली, लेक सासरी गेली. लेकसुद्धा इतकं ओठ फाकवून बोलायची की सासरच्यांनी तिला विचारलं, तुला दात दुखतात का? असं सगळं चालू होतं. आणि मग दवाखान्यात त्यानं डोळे उघडले, तोंडावर मुखवटा, आणि मुखवट्याच्या कडेनं त्याचे गाल हलताना दिसले. तो बोलत होता. ती वाकली. कान त्याच्या तोंडाशी नेला. काही नाही. नर्सनं पलीकडून त्याला उत्तर दिलं, पाणी आणून दिलं. परकी मुलगी, तिला ऐकू आलं. तेव्हा तिला उमगलं. इतकी वर्षं जो त्याचा आवाज ती ऐकत होती, तो जाडसर, जरासा चिडका, शेवटचा शब्द गिळणारा, तो आवाज नव्हताच. तो तिनं त्याच्या ओठांत आपणच भरला होता, रिकाम्या कांडीवर सूत भरावं तसा. खरा आवाज कधी संपला? कुठल्या वर्षी? कुणी सांगितलंसुद्धा नाही. पगारातून काही कापलं तर सांगतात, चिठ्ठी देतात. हे कापलं ते न सांगता.

म्हणून तिला बहिरी ठरायचं होतं. भीक म्हणून नाही. नेलंय ते नेलं म्हणा, एवढंच. आणि मग घरी बसायचं, तो मुखवटा काढेल तेव्हा, दिवसातून जेव्हा जेव्हा काढेल तेव्हा, समोर असायचं. तो बोलला आणि ती साच्यावर होती, असं एकही वाक्य आता तिला परवडत नव्हतं. आणि ती जाऊन बसली काय, तर काचेकडं तोंड करून. पास व्हायला.

घरी नणंद कांदा चिरत होती. नवरा खाटेवर टेकून, मुखवटा लावलेला. नणंदेनं तिच्याकडं पाहून सुरी खाली ठेवली. “काय वहिनी, झालीस ना नापास एकदाची?”

“पास झाले.”

“म्हणजे काय?”

“सगळं ऐकू येतं म्हणाले. कान शाबूत.”

नणंद तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “तुला? अगं बाई, परवा मी दारावर थापा मारून मारून हात सुजवला. वरच्या मजल्यावरची माणसं उतरून आली, आणि तू आत निवांत भांडी घासतेस. कुणाला ऐकू येतं? त्या डॉक्टरला घेऊन ये इकडं, दाराबाहेर उभा करते त्याला.”

खाटेवर हालचाल झाली. नवऱ्याचे खांदे हलत होते. आधी तिला वाटलं खोकला. तो हसत होता. मुखवटा धुरकटत होता, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं, आणि तो हसत होता. तिच्या तळपायाची आग पुन्हा वर आली. “हसा. हसा तुम्ही. तुमचा सदरा टेबलावर, माझा अंगठा बटणावर. दोघं सारखेच शहाणे.” त्यानं हात वर केला, मुखवट्याचा पट्टा मानेमागं सरकवला आणि मुखवटा हनुवटीखाली ओढला. तिला ते आवडत नसे. काढला की नखं निळी पडायला लागत. “घाला आधी ते,” ती म्हणाली. त्यानं मान हलवली. ओठ कोरडे, फुटलेले, पण अजून तेच, शेवटचा शब्द गिळणारे.

‘काच होती?’

“होती.”

‘तू बघितलंस.’

“मग काय करू? डोळे घरी ठेवून जाऊ?”

तो दम घेत राहिला. मग एकेक शब्द वेगळा काढून म्हणाला, ‘उद्या परत जा. भिंतीकडं तोंड कर.’

“आणि मग?”

त्यानं खाटेवर आपल्या बाजूची जागा हातानं थोपटली. ‘मग इथं बस.’ आणि मुखवटा वर ओढून घेतला. एवढ्या बोलण्यानं त्याचा जीव अर्धा झाला होता. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि तिला इतका राग आला की पुढं होऊन त्याचा हातसुद्धा धरवला नाही. भिंतीकडं तोंड कर. शाळेत शिक्षा करतात तसं. कान गेले, ते गिरणीनं घेतले. उरले डोळे, तर आता म्हणायचं, तेही मीट, म्हणजे आम्हाला खात्री पटेल. गेलेली वस्तू दाखवायला उरलेली वस्तू लपवायची. आणि लपवली नाही तर म्हणायचं, बाई, तुमचं सगळं जागेवर आहे, जा कामाला.

सकाळी ती पिवळ्या इमारतीत गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर गिरणीचीच माणसं बसली होती, कुणाचा गुडघा, कुणाची पाठ. शेवटी कांडी खात्यातला म्हातारा होता, कान तपासायला आलेला. त्यानं तिला पाहून भुवया उडवल्या. तपासनीस आधी नाहीच म्हणाला. काल झालंय मावशी, रोज रोज नसतं. ती दारातून हलली नाही. शेवटी त्यानं डॉक्टरला विचारलं, डॉक्टरनं कपाळाला आठी घालून हात झटकला, म्हणजे घे बाबा एकदाचं. आत जाऊन तिनं खुर्ची उचलली आणि भिंतीकडं फिरवून ठेवली. तपासनिसाला ते चमत्कारिक वाटलं असावं. तो काहीतरी म्हणाला, पण तोवर तिची पाठ होती. वाट्या कानांवर आल्या. दार लागलं ते तिला पायाखालच्या फरशीतून कळलं.

भिंतीवर करड्या स्पंजचे चौकोन होते, भोकाभोकांचे. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, आणि ती बघत होती. मग बघायचं संपलं. तेव्हा तिला ते ऐकू आलं. बाहेरचं नाही, आतलं. साचे चालू होते. सगळं खातं तिच्या डोक्यात एका लयीत धडधडत होतं, आणि त्यावर एक बारीक शिट्टी, तार ओढल्यासारखी, जी कधीच थांबलेली नव्हती. ती झोपली तरी चालू असणार, लेकीच्या लग्नात चालू असणार, तो तिला रात्री काही सांगत असेल तेव्हाही चालूच. शांतता म्हणून तिला काहीतरी मिळालं असेल अशी तिची समजूत होती, तेवढंही नव्हतं. अंगठा बटणावर वळवळत होता. दाबू का, दाबू का, असं विचारत होता, मालकानं हाक मारायची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखा. तिनं डाव्या हातानं त्याला धरून ठेवलं. बस, मेल्या. तुझी इमानदारी पुरे झाली. तिला तिथं बसून किती वेळ झाला ते कळायला काही मार्ग नव्हता. ती वाट बघत होती. आता सुरू होईल, आता झालं असेल, आता अर्धं झालं असेल. खांद्यावर बोट पडलं तेव्हा ती दचकून उठली. तपासनीस चिडलेला होता. “मावशी, कधीचं संपलंय. दार उघडून दोनदा हाक मारली.”

डॉक्टर कालच्यासारखा खूश नव्हता. तो तिच्याकडं बघत बोलत होता हे एक नशीब. “काल तुम्हाला सगळं ऐकू आलं. आज काहीच नाही?”

“काल मी बघून दाबलं.”

“बघून? कान बघून तपासतात का बाई?”

“तुमच्या माणसाचा खांदा हलतो. चष्म्यात दिवा दिसतो. आणि तुम्ही बोलता ते मी तोंडावर वाचते. साचेखात्यात सगळेच वाचतात.”

डॉक्टरनं खुर्चीत मागं रेलून तिच्याकडं पाहिलं. मग पंजा तोंडापुढं धरला. पंज्यामागं काहीतरी हललं. ती वाट बघत राहिली. “काय म्हणालात?” तिनं विचारलं. त्यानं हात खाली घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचं समाधान होतं. “आता तुम्हाला ठाऊक झालंय ना, कधी ऐकू यायला नको ते. घरी कुणीतरी शिकवून पाठवलंय. मी रोज बघतो बाई असे. कालची तपासणी खरी, कारण काल तुम्ही तयारीनं आला नव्हता.” तो जरा मऊ पडला. “हे बघा, तुमची तब्येत उत्तम आहे. काम करत राहा, माणूस कामानं धड राहतो. सहा महिन्यांनी पुन्हा या, तेव्हा बघू.”

सहा महिने. हिवाळा संपून जाईल. तोवर खाटेवरची ती जागा, थोपटलेली, कुणाच्याच उपयोगाची राहणार नाही. नोकरी सोडली तर यंत्र जाणार आणि तो त्याच आठवड्यात. नाही सोडली तर तो एखाद्या दुपारी मुखवटा खाली ओढणार, काहीतरी म्हणणार, आणि समोर भिंत. तिनं तोंड उघडलं. मोठ्यानं बोलणार तेवढ्यात तिला वाटलं, नकोच. कशाला? तिनं ओठ मोठे केले, साचेखात्यात करतात तसे, आणि घशातून काहीही न काढता बोलायला लागली. ‘माझा माणूस मरतोय. तुमच्याच धुळीनं मरतोय. तो काय बोलतो ते मला ऐकू येत नाही, तेही तुमच्याच साच्यांनी. मला त्याच्यासमोर बसायचंय. तेवढंच. दुसरं काही मागत नाही.’

“काय?” डॉक्टर पुढं झुकला. “मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही.”

तिनं तेच पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, शब्द तोंडात नीट घडवून. ‘खुर्चीवरून मी उठणार नाही. उचलून बाहेर टाका, परत येईन. उद्या येईन, परवा येईन.’ तिचे दात दिसत होते, जीभ दिसत होती, सगळं उघडं होतं. डॉक्टर तिच्या तोंडाकडं बघत होता आणि त्याला त्यात एकही शब्द सापडत नव्हता. त्यानं तपासनिसाला हाक मारली असावी, कारण तो आत आला, आणि तोही तिच्याकडं बघत उभा राहिला. “काय म्हणतायत या?” डॉक्टरनं विचारलं. तपासनिसानं खांदे उडवले. “आवाजच नाही सर. काय कळणार?”

डॉक्टरच्या पाठीमागचं दार ती आत आली तेव्हापासून उघडंच राहिलं होतं. दारात कांडी खात्यातला म्हातारा उभा होता. आपला नंबर आला असं वाटून उठला असावा. त्याच्यामागं बाकावरची बाकीची माणसं माना उंचावून बघत होती. त्यांनी सगळं वाचलं होतं. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, डॉक्टरच्या डोक्यावरून थेट तिच्याकडं पाहिलं, ओठ मोठे केले आणि एवढंच म्हणाला, ‘उठू नकोस.’

“पुढचा कोण आहे?” डॉक्टर दाराकडं वळून म्हणाला. “या, बसा.”

म्हातारा आत आला नाही. मागचं कुणीच आलं नाही.